फळे वाळली हे घड्याळ सांगत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत फळे घरी सुकवण्याच्या कृती आल्या आहेत. फळांचे काप करा, आठ तास सुकवा, गार झाले की बरणीत भरा, वर्षभर खा, असा त्यांचा सारांश. फळे घरी सुकवावीत याच मताची मी आहे, त्यामुळे हा विषय आपण घेतलात याचा आनंदच झाला. पण त्यातले ‘आठ तास’ मला खटकले. मी अन्नपरीक्षण प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते आणि खाद्यपदार्थांतला ओलावा मोजणे हेच माझे रोजचे काम होते. घरी फळे सुकवायचा नाद त्याच्याही आधीपासूनचा. नेमके कधी थांबायचे, हीच या कामातली खरी अडचण. तिथे तासांचा आकडा देऊन भागत नाही, उलट माणूस निर्धास्त होतो आणि ओली फळे बरणीत भरून ठेवतो.

किती वेळ लागणार हे आधी सांगता का येत नाही, ते पाहा. सफरचंदात शंभरात सुमारे ८६ भाग पाणी असते. एक किलो फोडी घेतल्या तर त्यात घन भाग फक्त १४० ग्रॅम. सुकवलेल्या फळात साधारण १५ ते २० टक्के पाणी उरलेले चालते, म्हणजे किलोभर फोडींचे शेवटी १७५ ग्रॅमच्या आसपास काप उरायला हवेत. उरलेले सव्वाआठशे ग्रॅम पाणी हवेत गेले पाहिजे. ते आधी कापाच्या पोटातून पृष्ठभागापर्यंत झिरपत येते आणि मग उडते. सुरुवातीला वरवरचे पाणी भराभर जाते, पण पुढे सगळा खेळ या आतल्या झिरपण्याचा असतो. म्हणून जाडी दुप्पट झाली की लागणारा वेळ दुप्पट होत नाही, चौपटीच्या आसपास जातो. ६ मिलिमीटरचा काप आणि १२ मिलिमीटरचा काप एकाच ताटात ठेवले, तर पहिला कडक होऊन जाईल तेव्हा दुसरा अर्धाकच्चा असेल. घरी सुरीने कापताना एवढा फरक अगदी सहज पडतो. पुरवणीतल्या कृतीत ‘पातळ काप’ म्हटले आहे, पण पातळ म्हणजे किती, ते कुठेच नाही.

दुसरी गोष्ट हवेची. गरम हवा फळ ‘भाजते’ म्हणून ते वाळते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरे म्हणजे हवा तापली की तिची पाणी सामावून घेण्याची ताकद वाढते. ३० अंश सेल्सिअसच्या हवेत ८० टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा ६० अंशांपर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता १७ टक्क्यांच्या जवळ येते. म्हणून दमट दिवसातही डिहायड्रेटरमध्ये, म्हणजे गरम हवा खेळवून फळे सुकवणाऱ्या विजेच्या यंत्रात, फळ वाळते आणि त्याच दिवशी उघड्यावर ठेवलेले फळ आंबू लागते. पण हवा तापवून भागत नाही, ती हललीही पाहिजे. पंखा नसेल तर फळाभोवती दमट हवेचा थर साचून राहतो. ओव्हनमध्ये सुकवायचे असेल तर दार थोडे किलकिले ठेवायला सांगतात ते याचसाठी. मायक्रोवेव्ह या कामाला घेऊ नये, त्यात काप कडेला करपतो आणि मध्ये शिजतो.

मग आच वाढवून लवकर उरकले तर? अशा घाईचा परिणाम माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाहायला मिळाला. शेजारच्या वहिनी सफरचंदाच्या चकत्यांची बरणी घेऊन आल्या. “ताई, वाजवून बघा, खुळखुळ्यासारख्या वाजतात, तरी वास का येतोय?” चकत्या खरोखर वाजत होत्या. झाकण उघडले तर त्याच्या आतल्या बाजूला बारीक दव जमलेले. मी त्यातली सगळ्यांत जाड चकती काढून मधोमध कापली. कडेचा भाग ताठ आणि तांबूस, पण मध्ये एक फिकट, ओलसर रेघ. कागदाच्या रुमालात धरून दाबली तर कागदावर डाग उमटला. लवकर व्हावे म्हणून त्यांनी सुरुवातीपासूनच ८० अंश ठेवले होते. एवढ्या उष्णतेत बाहेरचा थर इतक्या झपाट्याने वाळतो की त्याचे कवच बनते आणि आतले पाणी आतच कोंडते. बरणीत गेल्यावर ते पाणी सावकाश बाहेर येते, झाकणाखाली साचते आणि बुरशीला आयती जागा मिळते. फळांना ५७ ते ६० अंश सेल्सिअस हे तापमान सर्वसाधारणपणे योग्य मानतात. त्याच्यावर गेल्याने वेळ वाचल्यासारखा वाटतो, पण फळ हातचे जाते.

सुकलेल्या फळात १५-२० टक्के पाणी असूनही ते टिकते कसे, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. सूक्ष्मजीवांना वाढायला मोकळे पाणी लागते. मनुकेत निम्म्याहून जास्त वजन साखरेचे असते आणि ती साखर पाण्याला धरून ठेवते. प्रयोगशाळेत आम्ही हे मोकळे पाणी शून्य ते एक या मापात मोजतो. शुद्ध पाण्याचे माप एक. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढू शकत नाहीत, बहुतेक बुरश्या ०.८ च्या आसपास थांबतात आणि काही चिवट जाती त्याच्याही खाली तग धरतात. ०.६ च्या खाली मात्र जवळजवळ काहीच वाढत नाही. चांगली वाळलेली फळे या ०.६ च्या आगेमागे असतात. म्हणजे सुरक्षित आणि असुरक्षित यांतले अंतर फार थोडे आहे, आणि तेवढ्यासाठीच मी हे लांबलचक पत्र लिहिते आहे.

हे माप घेणारे यंत्र घरी नसते, आणि त्याची गरजही नाही. घरात वजनकाटा आणि सुरी असली की झाले. ताटात मांडण्यापूर्वी कापांचे वजन करून लिहून ठेवावे. वाळल्यावर सफरचंद किंवा अननसाच्या किलोभर फोडींचे वजन १७५ ग्रॅमच्या आसपास यायला हवे, किलोभर द्राक्षांच्या मनुका २३५ ग्रॅमच्या आसपास. काटा तिथवर आला नसेल, तर फळ हाताला कितीही कोरडे लागो, ते अजून वाळायचे आहे. फळाफळात पाणी कमीजास्त असते, त्यामुळे वजनावरून अंदाज घ्यायचा आणि निर्णय सुरीवर सोडायचा. ताटाच्या मधला, सगळ्यांत जाड काप निवडावा. तो आधी पूर्ण गार होऊ द्यावा, कारण गरम काप मऊ लागतो आणि त्यावरून काहीच कळत नाही. मग तो कापून दोन बोटांत दाबावा. कापलेल्या जागी पाणी दिसता कामा नये, आणि दुमडला तर तो स्वतःला चिकटता कामा नये. फळांचा गर पसरून पोळी करत असाल तर थर ३ मिलिमीटरचा ठेवून कडेला किंचित जाड करावा, कारण कडा आधी वाळतात. पोळीच्या मध्यावर बोट टेकवल्यावर खळगा उमटला नाही आणि बोटाला काही चिकटले नाही, म्हणजे ती झाली.

आता बरणीची गोष्ट. आपल्या कृतींमध्ये ती पूर्णच सुटली आहे आणि मला सगळ्यांत जास्त काळजी तिचीच वाटते. कितीही निगुतीने कापले तरी एकाच घाण्यातले सगळे काप सारखे वाळत नाहीत. म्हणून गार झालेले काप थेट साठवणीत टाकायचे नसतात. काचेची स्वच्छ, कोरडी बरणी घ्यावी, ती दोन-तृतीयांशच भरावी, झाकण घट्ट लावावे आणि सात ते दहा दिवस समोर ठेवावी. रोज एकदा हलवायची. त्या दिवसांत जास्त ओल्या कापांतला ओलावा जास्त कोरड्या कापांत जातो आणि सगळा माल एकसारखा होतो. काच पारदर्शक हवी, म्हणजे आतून घाम धरला तर लगेच दिसतो. घाम दिसला की सगळे काप पुन्हा ताटात पसरून वाळवायचे. त्यात काही बिघडत नाही. पण बुरशीचा एक जरी ठिपका दिसला तर पूर्ण बरणी टाकून द्यायची. तेवढा काप उचलून बाकीचे खाणे धोक्याचे आहे. मनुकांवरच्या बुरशीतून ऑक्रॅटॉक्सिन आणि अंजिरांवरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकते. ही विषे डोळ्यांना दिसत नाहीत आणि घरच्या शिजवण्याने जात नाहीत.

काप काळे पडू नयेत म्हणून लिंबाचा रस लावा, असे कृतीत एका ओळीत सांगितले आहे. ते बरोबर आहे, पण त्या रसाचे काम रंगापुरते नाही. फळ कापले की त्यातले एक विकर (एन्झाइम) हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने त्याला तपकिरी करते, आम्ल त्याला आवर घालते, हे झालेच. शिवाय वाळवताना ५७-६० अंशांवर सगळे जंतू मरतीलच अशी खात्री नसते, आणि आधी आम्लात बुडवलेल्या फळावर ते जास्त प्रमाणात मरतात. म्हणून वर चार थेंब पिळण्यापेक्षा लिंबाचा रस आणि पाणी समप्रमाणात घेऊन काप त्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावेत, मग निथळून ताटात मांडावेत. रसाची चव नको असेल तर क जीवनसत्त्वाची, म्हणजे अॅस्कॉर्बिक अॅसिडची, पूड पाण्यात विरघळवूनही हे करता येते.

द्राक्षे, अंजिरे, चेरी अशी अख्खी सुकवायची फळे असली की आणखी एक काम वाढते. त्यांच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो आणि तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. उकळत्या पाण्यात ती अर्धा ते एक मिनिट बुडवून लगेच थंड पाण्यात टाकायची. द्राक्ष बोटांत फिरवून उजेडात धरा, सालीवर केसासारख्या बारीक चिरा दिसतील. त्या दिसल्या की पुरे. द्राक्ष फुटून रस येऊ लागला तर फार वेळ बुडवले. मनुकांच्या व्यवसायात यासाठी पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलापासून केलेले इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात द्राक्षे बुडवतात. घरच्या थोड्या मालाला उकळते पाणी पुरते.

पुरवणीत ‘विकतच्या सुकामेव्यात रसायने असतात’ असे एक वाक्य आहे. ते इतके मोघम नको होते. विकतच्या केशरी जर्दाळूंचा रंग टिकतो तो गंधकाच्या डायऑक्साइडमुळे. पाकिटावर तो २२० या क्रमांकाने लिहिलेला असतो आणि त्याच्या क्षारांचे क्रमांक २२१ पासून पुढे असतात. युरोपीय संघाच्या नियमांत सुकवलेल्या जर्दाळूसाठी किलोला २००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, आणि १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर तसे छापणे बंधनकारक आहे. बहुतेकांना त्याने काही होत नाही. पण दमा असलेल्या काही जणांना त्याने खरोखर धाप लागते, आणि ज्या घरात असा माणूस आहे त्या घराला फळे स्वतः सुकवण्याचा सर्वांत मोठा फायदा आहे. दुसरी बाजूही सांगायला हवी. गंधकाने क जीवनसत्त्व टिकते, ब१ जीवनसत्त्व मात्र नष्ट होते. घरी सुकवलेला जर्दाळू गडद तपकिरी होतो. तो खराब झाला असे समजून टाकू नका, मला तर त्याचीच चव जास्त आवडते. आणि रंगासाठी म्हणून घरात गंधक जाळण्याच्या भानगडीत कोणीही पडू नये, तो धूर फुप्फुसांना घातक आहे.

उन्हात सुकवणाऱ्यांसाठी दोन शब्द. तापमान निदान ३० अंश आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असे सलग काही दिवस मिळणार असतील तरच उन्हाच्या नादी लागावे. रात्री गारवा पडला की फळ हवेतला ओलावा परत ओढून घेते, म्हणून संध्याकाळी ताटे आत घ्यायची. खालूनही वारा लागावा यासाठी जाळी वापरावी, पण ती जस्ताचा मुलामा दिलेली, तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची नको. फळांतल्या आम्लाची या धातूंशी प्रक्रिया होते, आणि तांब्याने क जीवनसत्त्वही जाते. स्टीलची किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकची जाळी चालते. वरून पातळ कापड पसरले तरी कीटक अंडी घालून जातातच, आणि ती दिसत नाहीत. त्यामुळे उन्हात वाळलेली फळे साठवण्यापूर्वी उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये निदान ४८ तास ठेवावीत, किंवा ७१ अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास. हे केले नाही तर महिन्या-दोन महिन्यांनी बरणीत जाळी आणि अळ्या दिसतात, आणि लोक बरणीला दोष देतात.

‘वर्षभर टिकते’ हेही तापमानावर अवलंबून आहे. १५ अंशांच्या आसपास, अंधारात, हवाबंद ठेवले तर वर्ष. २७ अंशांत त्याच्या निम्मे. मोठी बरणी सारखी उघडण्यापेक्षा लहान बरण्या कराव्यात.

आणि ‘नैसर्गिक साखर आहे, मुलांना हवे तेवढे द्या’ हे वाक्य कृपया पुन्हा छापू नका. पाणी गेले म्हणून साखर गेली असे होत नाही, ती आटून एकवटते. मूठभर मनुका म्हणजे तिच्या चौपट वजनाची द्राक्षे. एवढी द्राक्षे खाताना पोट भरल्याचे कळते, मनुका खाताना कळत नाही. त्या दातांनाही चिकटून राहतात. तंतू, पोटॅशियम आणि लोह फळात राहतात, क जीवनसत्त्व बरेचसे निघून जाते. मी सुकवलेली फळे जेवणाबरोबर, थोडी थोडी देते आणि नंतर चूळ भरायला लावते.

विजेचा हिशेब करूनच यात पडावे. किलोभर सफरचंदातले पाणी उडवायला अगदी आदर्श यंत्रालाही अर्धा युनिट वीज लागेल. प्रत्यक्षात घरगुती यंत्रांना त्याच्या कितीतरी पट लागते, कारण बरीचशी गरम हवा तशीच बाहेर जाते. एकदोन ताटांसाठी यंत्र चालवू नये. घरात फळे उतू जात असतील, पूर्ण पिकलेली असतील आणि सगळी ताटे भरणार असतील, तेव्हाच ते लावण्यात अर्थ आहे. मार लागलेल्या फळाचा तेवढा भाग काढून बाकीचे घेता येते. सडके मात्र सुकवून चांगले होत नाही.

पुढच्या रविवारी केळ्याची कृती देणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. केळ्यात आम्ल कमी असते आणि ते लवकर काळे पडते, तेव्हा लिंबाच्या पाण्याची पायरी त्यात नक्की असू द्या. कापाची जाडी ६ मिलिमीटर, तापमान ५७ ते ६० अंश, आणि सोललेल्या एक किलो केळ्यांचे वाळल्यावर साधारण ३१० ग्रॅम. जागा कमी पडत असेल तर तासांची ओळ काढून तिथे हे वजन छापावे, ही विनंती.

आपली,
अन्नपरीक्षण प्रयोगशाळेतील एक निवृत्त तंत्रज्ञ